लांबेबाईंची बदनामी

प्लॅस्टिकचा डबा क्नूटच्या टकलावर आदळला तेव्हा सगळे खो खो हसले. हसला नाही तो फक्त गेर्नोट.

त्याच्या हातात क्षणापूर्वी घराच्या कौलांपर्यंत पोचेल एवढी लांब काठी होती. आता तिच्या नळ्या एकमेकींत घुसून ती छत्रीएवढी झाली होती, आणि बीचच्या झाडाच्या फांदीवरून अलगद खाली यायचा डबा क्नूटच्या डोक्यावरून उडी मारून पाचोळ्यात पडला होता. सगळ्यांनी आधी क्नूटच्या डोक्याकडे पाहिलं, मग काठीकडे. गेर्नोटच्या हाताकडे कुणीच पाहिलं नाही. त्यानं तो हात हळूच खिशात घातला आणि त्याच्या जिवात जीव आला.

"म्हातारी गेली रे," क्नूट टक्कल चोळत म्हणाला. "पण जाता जाता मला घेऊन जात होती."

ड्योर्टे शाळेची मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाली होती आणि तिला कुठल्याही गोष्टीचा समारंभ केल्याशिवाय चैन पडत नसे. तिनं काठी उचलून उलटसुलट पाहिली आणि निकाल देऊन टाकला, की लांबेबाईंची सेवा संपली, आता त्यांना रीतसर निरोप द्यायचा. सगळ्यांनी माना डोलावल्या. गेर्नोटनंही डोलावली.

काठीचं खरं नाव फ्राऊ लांगे. फ्राऊ म्हणजे बाई, लांगे म्हणजे लांब, तेव्हा आपण आपल्या लांबेबाईच म्हणू. मूळची ती सफरचंदं काढायची ॲल्युमिनियमची काठी. चार नळ्या, एकीत एक सरकणाऱ्या, मधे तीन सांधे, प्रत्येक सांध्यावर एक पट्टी आणि ती आवळायला एक स्क्रू. गेर्नोटनं तिच्या टोकाला पडद्याच्या दांडीचा आकडा बसवला आणि खाली सायकलची रबरी मूठ चढवली. तेव्हापासून जर्मनीतल्या हार्त्सच्या डोंगरातल्या झाडाझाडांवर टांगलेले डबे ती खाली आणत आली होती. कुणीतरी डबा लपवतं, जागेचे आकडे, म्हणजे अक्षांश-रेखांश, इंटरनेटवर टाकतं, आणि चांगली शहाणीसुरती माणसं ते आकडे घेऊन रानात हिंडतात, डबा शोधून आतल्या कागदावर सही करतात आणि डबा होता तिथे ठेवून घरी येतात. आमच्या गावातल्या निम्म्या निवृत्तांना या जिओकॅशिंगचं वेड लागलेलं आहे आणि उरलेले निम्मे त्यांच्या नावानं बोटं मोडतात.

गेर्नोट अमेलुंग हा आयुष्यभर छपरांवर आणि भिंतींवर पाटीच्या दगडाच्या चकत्या ठोकणारा माणूस. इथल्या घरांच्या भिंतीसुद्धा पाटीदगडानं मढवतात. पातळ दगड, त्यात खिळा, एक ठोका जास्त झाला की चकतीचे दोन तुकडे. गेर्नोटच्या हातून चकती फुटलेली कुणी पाहिली नव्हती. त्यामुळे लांबेबाई कुणी धरायच्या हा प्रश्नच कधी आला नाही. उंचावर डबा दिसला की सगळे बाजूला व्हायचे आणि म्हणायचे, "गेर्नोट, तुझं काम."

गेल्या हिवाळ्यात त्या हातानं दगा द्यायला सुरुवात केली.

आधी कॉफीचा कप बशीवर वाजला. गेर्नोट म्हणाला, थंडी आहे. मग थंडी गेली, चेरीला फुलं आली, आणि कप वाजतच राहिला. मग कुलपात किल्ली जाईना. हात नुसता ठेवला की शांत, काही धरायला गेला की थरथर. आणि हे काय आहे हे गेर्नोटला कुणी सांगायची गरज नव्हती. त्यानं ते लहानपणी रविवारच्या जेवणाच्या टेबलावर पाहिलं होतं. त्याच्या वडिलांचा चमचा असाच ताटलीवर वाजायचा, आणि सगळं घर तो वाजत नाही असं दाखवत खाली मान घालून जेवायचं. मग वडिलांनी सूप सोडलं. मग मित्रांबरोबर पत्ते खेळायला जायचे ते सोडलं, कारण हातातली पानं फडफडायची. गावात लोक म्हणाले, अमेलुंगला आता शिष्टपणा आलाय. वडील डॉक्टरकडे गेले नाहीत, कुणाशी बोलले नाहीत. शेवटची कित्येक वर्षं ते खिडकीजवळच्या खुर्चीत दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसून होते, आणि तसेच गेले.

एकदा बसमधून येताना गेर्नोटच्या लक्षात आलं, की आपणही हात मांडीखाली दाबून बसलो आहोत. त्या दिवसापासून तो घाबरला तो घाबरलाच. मरणाला नाही. त्या खुर्चीला.

तेव्हा लांबेबाई धावून आल्या. काठीची मूठ थोडी थरथरली की टोकाला आकडा हे एवढे झोके घेतो, आणि हे लोकांच्या नजरेतून सुटायचं नाही. गेर्नोटनं काय करावं, तर रानात निघायच्या आधी सगळ्यात खालच्या सांध्याचा स्क्रू जरा सैल करून ठेवावा. मग काठी अशी काही खुळखुळायची, की तिच्या खुळखुळण्यात हाताची थरथर कुठल्या कुठे गडप व्हायची. "लांबेबाईंचं वय झालं," लोक म्हणायचे. "हाडं वाजतात बिचारीची." गेर्नोट म्हणायचा, "हो ना." आणि डब्यातल्या कागदावर सही करायची वेळ आली की तो चष्मा विसरलेला असायचा. मग त्याची बायको रोसविता दोघांच्या वतीनं त्यांच्या जोडीचं या खेळातलं टोपणनाव लिहून टाकायची, 'ओले मोजे.'

असं सगळं सुरळीत चाललं होतं. पण गेर्नोट फक्त खालचा स्क्रू सैल करायचा, तोही जेमतेम. तेवढ्यानं काठी खुळखुळेल, कोसळेल कशी? क्नूटच्या टकलावर डबा पडला त्या दिवशी तिन्ही सांधे एकदम कसे सुटले, हे काही त्याला उमगेना.

पुढच्या बैठकीत, म्हणजे गावच्या खानावळीत महिन्यातून एकदा सगळे बिअर घेऊन बसतात तिथे, ड्योर्टेनं काळ्या चौकटीतली निधनवार्ताच छापून आणली होती. दीर्घ सेवेनंतर फ्राऊ लांगे यांचं अल्पशा आजारानं दुःखद निधन, त्यांच्या मागे एक आकडा, एक रबरी मूठ आणि मोठा मित्रपरिवार आहे, अंत्ययात्रा शनिवारी दुपारी रानातल्या झोपडीपासून, फुलं आणू नयेत, केक आणावा. सगळी खानावळ हसली. आमच्याकडे मयताला बटर केक लागतो, तो रोसवितानं करायचा ठरलं. शवपेटी म्हणून क्नूट पावसाच्या पाण्याचा जाड पाइप काळा रंगवून आणणार होता. बाई त्यात झोपायच्या, पाइप मोठ्या बीचच्या ढोलीत ठेवायचा, आत सह्यांसाठी कागद ठेवायचा आणि जागेचे आकडे इंटरनेटवर टाकायचे. म्हणजे आयुष्यभर डबे काढणारी बाई शेवटी स्वतःच डबा होणार. ही कल्पना सगळ्यांना इतकी आवडली, की आणखी एक फेरी मागवली गेली.

मग क्नूटनं ग्लास खाली ठेवला. तो जन्मभर बस चालवलेला माणूस. कुठलीही गाडी भंगारात घालायच्या आधी तिचं काय बिघडलं ते उघडून बघायला हवं, असं त्याचं म्हणणं पडलं.

"पेटीत घालण्याआधी शवविच्छेदन करू," तो म्हणाला. "सगळ्यांसमोर. कोण दोषी आहे ते कळलंच पाहिजे. माझ्या डोक्याचा प्रश्न आहे."

"आणि नवी?" कुणीतरी विचारलं.

नवीही ठरली होती. सगळ्यांनी मिळून घेतली होती, कार्बनची, अगदी ताठ. टोकावर अंडं ठेवलं तरी पडणार नाही, म्हणाले. समारंभ झाला की त्याच बीचवर एक डबा टांगायचा आणि नव्या काठीनं तो पहिल्यांदा कुणी काढायचा, तर अर्थात गेर्नोटनं.

गेर्नोटनं हसून दाखवलं. बिअरचा ग्लास मात्र त्यानं तिथून पुढे उचलला नाही. क्नूट स्क्रू-ड्रायव्हर घेऊन बसणार, स्क्रू आवळणार आणि लांबेबाई टुणकन उठून उभ्या राहणार. मग लोक विचारणार, काठीत काहीच दोष नव्हता, तर खुळखुळत काय होतं? आणि त्याचं उत्तर देण्यासाठी नवीकोरी ताठ काठी तिथेच हजर असणार. सुटायला वाटच नव्हती.

दुसऱ्या दिवशी रोसविता केकसाठी लोणी आणायला बाहेर पडली तसा तो तळघरात उतरला. बेत साधा होता. खालच्या स्क्रूचे आटे कानशीनं घासून टाकायचे, म्हणजे क्नूटला खराखुरा झिजलेला स्क्रू सापडेल आणि बाई नैसर्गिक मृत्यूनं गेल्या हे सिद्ध होईल. त्यानं काठी कामाच्या टेबलावरच्या पकडीत आवळली, कानस लावली आणि हात असा काही नाचायला लागला, की कानस स्क्रू सोडून सगळीकडे फिरली. आपल्याच काठीचा खून करायला आलेला माणूस, आणि तोही धड जमेना. त्याला स्वतःचंच हसू आलं, आणि ते हसू तिथेच विरलं.

कारण त्याचं लक्ष वरच्या दोन स्क्रूंकडे गेलं. दोन्ही सैल होते. झिजून सैल नव्हे, कुणीतरी फिरवून सैल केलेले. बोटांनी फिरवले तसे ते छान आवळलेही गेले.

त्या दोन स्क्रूंना त्यानं कधी हातही लावला नव्हता. निदान त्याला तसं आठवत होतं. घरात माणसं दोन. रोसविता तळघरात येत नाही, कोळ्यांना ती इतकी भिते की बटाटे आणि मुरांब्याच्या बरण्यासुद्धा गेर्नोटच वर आणून देतो. तळघराची पायरी तिनं उतरलेली त्याला लग्नापासून माहीत नव्हती. मग उरलं कोण?

गेर्नोट स्टुलावर बसला. हे मीच केलं असणार, आणि मला आठवत नाही. हात चालले होतेच, आता डोकंही चाललं. वडिलांचं डोकं तरी शेवटपर्यंत शाबूत होतं.

त्यानं मग स्वतःची परीक्षा घेतली. शाळेतल्या सगळ्या मास्तरांची नावं आठवली, ती आली. ज्याच्या हाताखाली तो काम शिकला त्या उस्तादाच्या कुत्र्याचं नाव आलं. सासूचा वाढदिवस आठवेना, पण तो त्याला आधीही कधी आठवला नव्हता. काही सिद्ध होईना. शेवटी त्यानं दोन्ही स्क्रू घट्ट आवळले आणि स्क्रूवरून पट्टीवर जाईल अशी पेन्सिलीची बारीक रेघ ओढली. तीही वाकडीच आली, पण कळण्यापुरती होती. आता मी मुद्दाम लक्षात ठेवून इकडे येणार नाही, त्यानं स्वतःला बजावलं. रेघ जुळलेली राहिली तर डोकं ठीक आहे.

शुक्रवारी तो खाली गेला तेव्हा रेघेचा एक तुकडा पट्टीवर होता आणि दुसरा भलतीकडेच तोंड करून बसला होता. दोन्ही स्क्रू सैल.

मुरांब्याच्या बरण्यांमधे तो कितीतरी वेळ तसाच उभा होता. आपण कधी आलो? झोपेत? की जागेपणी, आणि मग विसरलो? घरात बटर केकचा वास दरवळत होता आणि वर रोसविता रेडिओबरोबर गुणगुणत होती. काही सांगावं का तिला? त्यानं जिन्याच्या दोन पायऱ्या चढल्याही. मग त्याला घर खाली मान घालून जेवताना दिसलं, आणि तो परत उतरला.

"काय करतोयस खाली?" रोसवितानं जिन्याच्या तोंडाशी येऊन विचारलं. त्याच्या मागे, पुढे, सगळीकडे कोळी असल्यासारखी ती एक पाऊल लांबच उभी होती.

"बाईंना पुसतोय. उद्या लोकांसमोर जायचंय."

"नीट पूस," ती म्हणाली आणि क्षणभर तिथेच रेंगाळली. "आणि आणखी काही करू नकोस तिला. आहे तशी राहू दे."

त्यानं वर येऊन कॉफी घेतली. कप नेहमीसारखा अर्धाच भरलेला होता. हल्ली ती कॉफीतसुद्धा काटकसर करते, त्याच्या मनात आलं, आणि ते मनात आलं हे लक्षात राहावं म्हणून त्यानं ते दोनदा घोकलं.

शनिवारी हवा अशी पडली होती, की बीचचं पानही हलत नव्हतं. झोपडीपुढच्या टेबलावर केकच्या परातींशेजारी ड्योर्टेनं थडग्यावर लावतात तो लाल काचेतला दिवा लावला होता, आणि त्याची ज्योत आखून काढल्यासारखी सरळ उभी होती. काळा पाइप दोन बाकांवर आडवा ठेवला होता. क्नूटनं दंडाला काळी पट्टी बांधली होती आणि टकलावर, डबा पडला होता बरोब्बर तिथे, चिकटपट्टी लावली होती. जखम केव्हाच बरी झाली होती.

ड्योर्टेचं भाषण झालं. बाई कशा एका साध्या सफरचंदाच्या बागेतून आल्या, कसं त्यांनी कधी वर पाहायला कमी केलं नाही, आयुष्यात त्यांना फक्त एकदाच अपघात झाला आणि तोही अशा डोक्यावर, की जिथे नुकसान होण्यासारखं फारसं काही नव्हतं. लोक पोट धरून हसत होते. गेर्नोट सगळ्यांच्या मागे उभा होता. ड्योर्टे काय बोलतेय ते त्याला ऐकू येत होतं, पण कळत नव्हतं. पळून जावं असं त्याला मनापासून वाटत होतं. रोसवितानं त्याच्या कोटाची बाही धरून ठेवली होती.

मग क्नूटनं स्क्रू-ड्रायव्हर काढला आणि बाईंना टेबलावर आडवं केलं.

"खालचा सांधा, सैल," तो मोठ्यानं म्हणाला आणि आवळला. "मधला, सैल. वरचा, सैल." एकेक स्क्रू आवळत तो गेला, आणि त्याचा आवाज हळूहळू उतरत गेला. त्यानं अंगठ्यानं आटे चाचपून पाहिले. पट्ट्या वाकवून पाहिल्या. शेवटी त्यानं काठी पूर्ण लांब करून उभी धरली. लांबेबाई बीचच्या फांद्यांत डोकं घालून सरळसोट उभ्या राहिल्या. ना खुळखुळ, ना चुळबुळ.

"मढं ठणठणीत आहे," क्नूट म्हणाला.

हशा पिकला. क्नूट मात्र हसला नव्हता, तो विचारात पडलेला दिसला. मग त्यानं नव्या काठीसाठी आधीच वर टांगून ठेवलेल्या डब्याकडे पाहिलं आणि बाकीच्यांच्या आग्रहावरून काठी गेर्नोटकडे केली. नवी राहू दे, आधी हिलाच शेवटचा डबा काढू दे, सगळे म्हणत होते. गेर्नोट, तुझं काम.

गेर्नोट पुढे झाला. दुसरं काही करण्याजोगं नव्हतंच. त्यानं रबरी मूठ दोन्ही हातांनी धरली आणि काठी वर नेली. आकडा डब्याच्या दोरीजवळ गेला आणि तिथे डोलायला लागला. इकडे, तिकडे, गोल. त्यानं श्वास रोखला, झोके मोठे झाले. कोपर पोटाशी दाबलं, आणखी मोठे झाले. आज वाजायला काहीच नव्हतं, त्यामुळे ती थरथर नुसती दिसत होती, सगळ्यांना, वर आभाळाच्या पार्श्वभूमीवर. हसणं थांबलं. केक खाणं थांबलं. गेर्नोटला वडिलांची खुर्ची दिसली, खिडकीसकट.

"वारा आहे," रोसविता म्हणाली.

दिव्याची ज्योत सरळ उभी होती.

मग क्नूटनं मान वर करून झाडाकडे पाहिलं आणि जाकिटाची चेन गळ्यापर्यंत ओढली. "हो, वर चांगलाच आहे," तो म्हणाला. ड्योर्टेनं भाषणाचे कागद उडतील म्हणून छातीशी धरले. कुणीतरी दिव्याभोवती हाताचा आडोसा केला. एक बाई उठून केकवर फडकं झाकायला लागली.

गेर्नोट वरच पाहत राहिला. म्हणजे यांना माहीत आहे. कधीपासून माहीत आहे कोण जाणे, पण माहीत आहे. वडिलांसमोर घरातली सगळी खाली मान घालून जेवत होती, तशीच ही. फक्त इथे माना वर होत्या, एवढाच फरक. आता गप्प राहिलं तर आजचा दिवस निभावेल. उद्याही निभावेल. वडिलांचीही अशीच पुष्कळ वर्षं निभावली होती.

त्यानं काठी खाली घेतली.

"वारा नाहीये," तो म्हणाला. त्याचा आवाज हातापेक्षा जास्त कापत होता. "हात कापतो माझा. हिवाळ्यापासून. वडिलांचाही कापायचा." त्यानं काठी जमिनीवर टेकवली. "काठीत काही दोष नव्हता. खालचा स्क्रू मी सैल करायचो, म्हणजे तुम्हाला वाटावं काठीच हलते. आणि वरचे दोन..." इथे तो अडला, कारण हे हातापेक्षा अवघड होतं. "वरचे दोन मी कधी सैल केले, मला आठवत नाही. मी रेघसुद्धा मारून ठेवली होती. तरी केलेच. मला वाटतं माझं डोकंही चाललंय."

"काही चाललेलं नाही तुझं डोकं," रोसविता म्हणाली. "ते मी केले."

गेर्नोट तिच्याकडे वळला. "तू? तळघरात?"

"मग काय, स्क्रू वर येणार होते?"

"कोळी असतात तिथे."

"आहेत. एक तर तुझ्या बुटात राहतो." तिनं अंग शहारल्यासारखं केलं. "आकडा हलायला लागला तेव्हा मला वाटलं, काठी जरा वाजली तर लोक तुझ्याकडे बघणार नाहीत. तू पण तेच करतोयस हे मला काय माहीत. आणि या आठवड्यात बघते तर कुणीतरी वरचे दोन्ही आवळून ठेवलेले. म्हटलं, उद्या क्नूट बघणार, म्हणून गेले पुन्हा."

"म्हणजे माझ्या डोक्यावर डबा पाडला तो तुम्ही दोघांनी मिळून," क्नूट म्हणाला.

पहिली हसली ती ड्योर्टे, मग सगळेच. गेर्नोट हसत होता की रडत होता ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. डोकं जागेवर होतं. कित्येक दिवसांत त्याला कुणी इतकी चांगली बातमी दिली नव्हती. अर्धा भरलेला कप त्याला आठवला. हिवाळ्यापासून घरात एकदाही सूप झालं नव्हतं, हे आठवलं. ती दाताच्या डॉक्टरकडे कामाला होती, जन्मभर लोकांचे हात खुर्चीच्या दांड्यावर आवळलेले पाहत आली होती. तिच्यापासून हात लपवायला निघाला होता तो.

"मंगळवारी डॉक्टरकडे जायचंय," ती आता हळू आवाजात म्हणाली. "वेळ घेऊन ठेवलीय मी. कसं सांगावं ते कळत नव्हतं."

"काय सांगतील ते?"

"मला काय माहीत? मला पण भीती वाटते."

भीती त्यालाही वाटतच होती. ती कुठे गेली नव्हती. पण आता ती दोघांत होती, आणि क्नूट केकचा तुकडा तोंडात कोंबून शेजारी येऊन उभा राहिला म्हटल्यावर तिघांत झाली.

राहिला प्रश्न बाईंचा. काहींचं म्हणणं पडलं की बाई धडधाकट आहेत तर त्यांना पुरायचं कशाला, अजून वापराव्यात. पण गेर्नोट नाही म्हणाला. त्यानं स्वतः तिन्ही स्क्रू सोडले, नळ्या आत सरकवल्या आणि पुन्हा घट्ट आवळले. क्नूट मदतीला हात पुढे करत होता, तो त्यानं नाकारला. वेळ लागला. स्क्रू-ड्रायव्हर पुन्हा पुन्हा खाचेतून निसटत होता आणि सगळे जण ते उघड्या डोळ्यांनी बघत होते, आणि आश्चर्य म्हणजे त्यामुळे तो मेला नाही.

"हिनं माझ्यासाठी फार बदनामी सोसली," तो काळ्या पाइपकडे जात म्हणाला. "तुम्ही हिला म्हातारी म्हणालात, खिळखिळी म्हणालात, टकलाचा खटला भरलात. हिचं काही चुकलं नव्हतं. आता हिला कुणी काही म्हणायचं नाही."

त्यानं लांबेबाईंना आत सरकवलं. ड्योर्टेच्या भाषणात एवढं चांगलं वाक्य नव्हतं, हे तिनं स्वतःच मान्य केलं आणि डोळे पुसले. सगळ्यांनी पाइपला खांदा दिला, गरज नसताना, आणि तो बीचच्या ढोलीत उभा केला.

मग आतला कागद पुढे आला. पहिली सही कुणाची, यावर वाद नव्हता. रोसवितानं सवयीनं पेन हातात घेतलं.

"चष्मा आणलाय मी," गेर्नोट म्हणाला.

त्यानं कागद गुडघ्यावर ठेवला आणि लिहायला लागला. ओले मोजे नाही, आपलं नाव. गेर्नोट, आणि मग अमेलुंग. अक्षरं चढली, उतरली, रेघा सोडून पळाली, शेवटचं अक्षर तर पार कागदाच्या कडेपर्यंत गेलं. एका सहीनं सगळं पान खाल्लं. कुणी घाई केली नाही. लिहून झाल्यावर क्नूटनं कागद घेतला, नीट पाहिला, आणि बाकीच्यांना जागा मिळावी म्हणून पान उलटलं.